द्राक्षबागेत जिवाणू सोडले, पण बाटलीत ते जिवंत होते का?

पिंपळगाव बसवंत म्हटलं की द्राक्षं, टोमॅटो आणि कांदा. या पट्ट्यात ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या हंगामात बुरशीनाशकांबरोबर आणखी काही नावं कानावर पडतात: पीएसबी, केएमबी, अ‍ॅझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा, मायकोरायझा. हे सगळे सजीव आहेत, आणि शेतकरी त्यांच्यासाठी पैसे मोजतो.

मागणी वाढण्यामागे रेसिड्यूची भीती मोठी आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली आणि नाशिकच्या बागायतदारांचे हाल झाले. तेव्हापासून ‘रसायन कमी, जैविक जास्त’ हे गणित बागेत शिरलं.

शास्त्र खरं आहे, त्यात शंका नको. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला धरून बसतो. पीएसबी जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात. मायकोरायझा ही बुरशी मुळांना चिकटून आपले धागे मुळं पोहोचत नाहीत तिथवर पसरते. ट्रायकोडर्मा तर इतर रोगकारक बुरशीच खाते.

मग अडतं कुठे? आधी बाटलीत. रासायनिक खताची गोणी उन्हात राहिली तरी नत्र मरत नाही, जिवाणू मरतात. मेलेल्या जिवाणूंची बाटली डोळ्यांना अगदी जिवंतासारखीच दिसते. खत नियंत्रण आदेशाखाली २००६ पासून जिवाणू खतांना निकष आहेत: पीएसबीसारख्या खतात पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूपाच्या एका मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. लेबलवर ‘सीएफयू’ लिहिलेलं असतं ते हेच. पण हा आकडा तपासायला प्रयोगशाळा लागते. पत्र्याच्या शेडखाली उन्हाळा काढलेल्या बाटलीत त्यातले किती उरले, हे दुकानदारालाही माहीत नसतं.

दुसरी अडचण खुद्द बागेतली, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ठिबकमधून भरपूर फॉस्फरिक अ‍ॅसिड दिलं की वेलीला स्फुरद आयता मिळतो. मग ती मायकोरायझाला मुळांत फारसा थारा देत नाही. कार्बेन्डाझिम वापरलेल्या मातीत ट्रायकोडर्माचा टिकाव लागत नाही, कारण तीही बुरशीच. म्हणजे एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्याने मारायचं, खर्च मात्र दोन्हींचा.

कायद्यातही गुंता आहे. पीएसबी हे ‘खत’, त्याला खत नियंत्रण आदेश. रोगनियंत्रणासाठी विकलेलं ट्रायकोडर्मा हे ‘जैविक कीटकनाशक’, त्याला १९६८ चा कीटकनाशक कायदा. आणि या दोन्हींत न बसणारे सूक्ष्मजीव, समुद्री शेवाळाचे अर्क, ह्युमिक अ‍ॅसिड वगैरे ‘जैव उत्तेजक’. त्यांना २०२१ पर्यंत वेगळा नियमच नव्हता. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं की, अशी सुमारे ३० हजार उत्पादनं वर्षानुवर्षं बिनतपासणी विकली जात होती. नियम कडक झाल्यावर ती साडेसहाशेच्या आसपास उरली. युरिया-डीएपी हवं तर ही बाटलीही घ्या, या ‘लिंकिंग’वरही त्यांनी बोट ठेवलं. ते दुखणं इथल्या शेतकऱ्याला नवीन नाही.

खरेदीआधी निदान उत्पादनाची तारीख, अंतिम मुदत, जिवाणूचं पूर्ण नाव, सीएफयू आणि नोंदणी किंवा परवाना क्रमांक पाहता येतो. पक्कं बिल मागावंच. नुसतं ‘मल्टी बॅक्टेरिया’ लिहिलेल्या डब्यापेक्षा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जिवाणू खतं बरी.

आणि सगळ्या बागेत सोडण्याआधी दोन ओळी कोऱ्या ठेवता येतात. तसंही देठ परीक्षण करायचंच असतं. कोऱ्या ओळींचे देठ वेगळ्या पिशवीत पाठवले, की फरक पडला की नाही ते अहवालातच दिसतं.