थंडीत जंतू मरत नाहीत, कोट बदलतात!

'फ्रीजमध्ये ठेवलंय ना, मग काय होतंय?' हे हॉस्टेलमधलं ब्रह्मवाक्य. रविवारची उसळ गुरुवारी बाहेर निघते ती याच भरवशावर. माझ्या मते हा भरवसा खोटा आहे, आणि तो का खोटा आहे हे निदान इंजिनिअरला तरी कळायला हवं.

थंडीत तूप थिजतं, तेल पातळ राहतं. तुपातल्या बऱ्याचशा मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून बसतात. तेलातल्या साखळ्यांना दुहेरी बंधामुळे बाक असतो, त्यामुळे त्या दाट रचल्या जात नाहीत. ई. कोलायसारख्या जंतूंना दोन पटलं असतात. बाहेरच्या पटलाचा वरचा थर लिपोपॉलिसॅकराइड या रेणूंचा. त्यातला 'लिपिड ए' हा भाग अशाच साखळ्यांनी पटलात रुतलेला असतो. थंडीत हे पटल थिजून जंतूचं काम ठप्प व्हायला हवं. पण तापमान १२ अंशांवर आलं की ई. कोलाय एक खास एन्झाइम तयार करतो आणि नव्या रेणूंमध्ये एका सरळ साखळीऐवजी बाकदार साखळी बसवतो. मेकॅनिकलवाल्यांनो, आपण गाडी बंद करून ऑइल बदलतो; हा गडी चालत्या इंजिनात बदलतो!

अंटार्क्टिकातल्या स्यूडोमोनास सिरिंगे या जंतूवर हैदराबादच्या सीसीएमबीत काम झालं. या रेणूंवर किती फॉस्फेट चढतं तेही तापमानाप्रमाणे बदलतं, असं तिथल्या संशोधकांनी १९९४ साली दाखवलं.

अंटार्क्टिका फार लांब वाटत असेल तर गिरगावात चला. खोताच्या वाडीतली जुनी लाकडी घरं बघायला आपल्यातले बरेच जण जातात. त्या गल्ल्यांनी प्लेगचे दिवस पाहिलेत. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि पुढे तो शहरभर पसरला. या प्लेगचा जंतू, येर्सिनिया पेस्टिस, कोट बदलण्यात उस्ताद. पिसवेच्या अंगात, म्हणजे त्याच्या मानाने थंडाव्यात, तो लिपिड एला सहापर्यंत साखळ्या लावतो. माणसाच्या ३७ अंशांत आला की मुख्यतः चारच. आपली प्रतिकारशक्ती सहावाल्याला पटकन ओळखते, चारवाला मात्र तिच्या नजरेतून निसटतो. २००६ साली संशोधकांनी या जंतूला ३७ अंशांतही सहा साखळ्या ठेवायला लावलं, तर उंदरांमध्ये त्याची सगळी मस्ती उतरली. एवढ्याशा कोटावर केवढा खेळ!

आता पुन्हा आपल्या फ्रीजकडे. प्लेगच्याच कुळातला येर्सिनिया एंटेरोकोलिटिका अन्नातून पोटात जातो, ताप आणि जुलाब देतो, आणि ४ अंशांवरही वाढतो. हळू वाढतो, पण वाढतो.

'आजवर कुठे काय झालं?' असं कुणी म्हणेलच. प्लेगचं राहू द्या, पण परीक्षेच्या आठवड्यात अर्धा मजला पोट धरून बसला तर ते परवडणार आहे का? फ्रीज वाईट नाही; तो जंतूंचा वेग कमी करतो. पण वेग कमी होणं म्हणजे थांबणं नव्हे, हे आपण पहिल्या वर्षीच शिकलोय. म्हणून मेस कमिटीला आणि रेक्टर सरांना सुचवावंसं वाटतं: फ्रीजमध्ये थर्मामीटर टांगा, प्रत्येक डब्यावर तारीख लिहायला लावा, दोन दिवसांपुढचं टाकून द्या, आणि उरलेलं अन्न नुसतं कोमट न करता चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. खर्च जवळजवळ शून्य. जंतू तापमानाचा एवढा बारकाईने हिशेब ठेवतो. आपण इंजिनिअर होऊन तो ठेवायचा नाही?