साठवलं म्हणजे जपलं नव्हे

गेल्या रमजानच्या आधी घर झाडताना एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड सापडलं. टपालाच्या तिकिटाएवढं. कागदाच्या पुडीत गुंडाळलेलं आणि वर अब्बांच्या अक्षरात उर्दूत लिहिलेलं, ‘बिटिया का निकाह, 2006’. आपाच्या निकाहचे सगळे फोटो त्या 512 एमबीच्या कार्डात होते. त्यांच्या प्रती काढायच्या राहून गेल्या. ‘कार्डात आहेत ना, बघू नंतर,’ असं म्हणत वर्षं गेली. 2011 साली अब्बांचा इंतकाल झाला. आज त्यांचे फोटो म्हणून आमच्याकडे मतदार ओळखपत्रावरचा आणि पासपोर्टवरचा, असे दोनच आहेत. हसणारे अब्बा फक्त त्या कार्डात.

कार्ड घेऊन मी सीताबर्डीच्या बाजारात पाच दुकानं फिरलो. एका पोराने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, “भैया, ये कौनसा कार्ड है? मोबाइल में तो नहीं लगेगा.” शेवटी दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी ओळखलं. हे एक्सडी कार्ड, याचा रीडर आता मिळणं कठीण, कुणाकडे जुना कॅमेरा पडून असेल तर बघा, असं त्यांनी सांगितलं. कामठीच्या एका नातेवाइकाकडे तसा कॅमेरा निघाला. कार्ड घातलं, तर पडद्यावर दोनच शब्द आले, ‘कार्ड एरर’.

त्याच डब्यात दादाजानचा 1954 चा निकाहनामा होता. घडीवर फाटलेला, शाई तांबूस झालेली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. तरी काझींची सही, दोन गवाहांची नावं आणि मेहरची रक्कम सगळं वाचता आलं. सत्तर वर्षांचा कागद वाचता येतो आणि वीस वर्षांचं कार्ड वाचता येत नाही. एवढं झाल्यावर तरी आपण स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत, म्हणून हा लेख.

आधी तंत्राचा इतिहास थोडक्यात पाहू. ‘फ्लॅश मेमरी’ ही कल्पना तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची, 1980 च्या दशकातली. 1994 मध्ये सॅनडिस्कचं कॉम्पॅक्टफ्लॅश आलं, 1995 मध्ये तोशिबाचं स्मार्टमीडिया, 1998 मध्ये सोनीची मेमरी स्टिक. 1999 मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी 2002 मध्ये आपलं वेगळं एक्सडी काढलं. प्रत्येक कंपनीला आपली खाच, आपलं कार्ड आणि आपलं गिऱ्हाईक बांधून ठेवायचं होतं. या चढाओढीत एसडी जिंकलं. 2010 मध्ये खुद्द सोनीनेही आपल्या कॅमेऱ्यांत एसडीला जागा दिली. हरलेल्या कार्डांवर ज्यांच्या घरातले निकाह, अकीके आणि जनाजे साठवलेले होते, त्यांचं पुढे काय, हा प्रश्न कोणत्याही कंपनीने स्वतःला विचारला नाही.

जिंकलेल्या कार्डाचीही एकच जात राहिली नाही. मूळ एसडीची मर्यादा 2 जीबी. 2006 मध्ये एसडीएचसी आलं, 32 जीबीपर्यंत. 2009 मध्ये एसडीएक्ससी, 2 टीबीपर्यंत. 2018 मध्ये एसडीयूसी, ज्याची कागदोपत्री मर्यादा 128 टीबी आहे. बाहेरून कार्ड दिसायला तसंच, पण नवं कार्ड जुन्या कॅमेऱ्यात चालेलच असं नाही. आकडे मात्र प्रत्येक वेळी वाढले आणि आकडा वाढला की आपल्याला वाटतं, सुरक्षितता वाढली.

इथेच आपली फसगत होते. फ्लॅश कार्डात फोटो म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार असतो. हा भार कायमचा नसतो, तो हळूहळू गळतो. उष्णतेत जास्त वेगाने गळतो. आधी एका कप्प्यात एकच बिट ठेवत, म्हणजे भाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या. जागा स्वस्त करण्यासाठी मग दोन, तीन आणि आता चार बिट ठेवतात. चार बिटसाठी त्याच कप्प्यात सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी थोडीशी गळतीही महागात पडते. कार्ड मोठं आणि स्वस्त झालं ते या किमतीवर. आणि आपण हे कार्ड ठेवतो कुठे? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात, टिनाच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात. वॉरंटीचा कागद नीट वाचा. ‘लाइफटाइम वॉरंटी’ कार्डाची असते, आतल्या फोटोंची नसते. कार्ड बिघडलं तर नवं कोरं कार्ड मिळेल. तुमचे अब्बा मिळणार नाहीत.

“मग क्लाउडवर टाका,” असं आता कुणीतरी म्हणेल. आमच्या मोहल्ल्यातली तरुण मुलं हेच म्हणतात. ऑर्कुट आठवतं का? आपल्या पिढीने पहिले फोटो तिथे टाकले. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. गूगल फोटोजने 2015 मध्ये अमर्याद मोफत जागा देऊ केली आणि 1 जून 2021 पासून ती सवलत काढून घेतली. आता मोफत जागा 15 जीबी, तीही ईमेलसह वाटून. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या सगळ्या गोष्टींसकट पुसून टाकता येईल, असं धोरण कंपनीने 2023 मध्ये आणलं. माणूस गेला की त्याचं खातं दोन वर्षं कोण उघडणार? पासवर्ड त्याच्याबरोबर कबरीत गेलेला असतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातली भाड्याची खोली आहे. जरूर वापरा, पण तिला वारसा हक्काचं घर समजू नका.

कागद चांगला आणि यंत्र वाईट, असं रडगाणं मला गायचं नाही. 22 आणि 23 सप्टेंबर 2023 च्या मधली रात्र नागपूर विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी सगळं पाण्याखाली. त्या पाण्यापुढे लग्नाचा अल्बम, संगणकाची हार्डडिस्क आणि शाळेचा दाखला यांत फरक नव्हता. म्हणजे मुद्दा कागद की कार्ड हा नाहीच. एकच प्रत, एकाच जागी, हा खरा गुन्हा आहे.

इंग्रजांनीही हा धडा घेतला आहे. 1086 साली त्यांच्या राजाने देशातल्या जमीनजुमल्याची नोंद करवली, ती डूम्सडे बुक नावाची पोथी आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, 1986 मध्ये, बीबीसीने त्याच धर्तीवर नवी नोंद लेझर डिस्कवर केली. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि आतली माहिती सोडवायला तज्ज्ञांना खटपट करावी लागली. त्यांच्याकडे तज्ज्ञ होते. आपल्याकडे कोण आहे?

खरं तर हे शास्त्र आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. यमामाच्या लढाईत कुरआन तोंडपाठ असलेले अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर यांना काळजी वाटली. त्यांच्या आग्रहावरून खलिफा हजरत अबू बक्र यांनी जैद बिन साबित यांच्याकडून लिखित संकलन करवलं. पुढे हजरत उस्मान यांनी त्याच्या प्रती करवून कुफा, बसरा, दमिश्क अशा निरनिराळ्या शहरांत पाठवल्या. म्हणजे काय केलं? छातीत एक, कागदावर एक आणि दूरच्या गावी एक. आज संगणकवाले ‘तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या जागी’ असा नियम सांगतात. आपल्या बुजुर्गांनी तो विजेशिवाय पाळला होता. हदीसच्या बाबतीत तर प्रत्येक कथनापुढे ‘कुणी कुणाकडून ऐकलं’ याची साखळी असते. साखळी नसेल तर कथनाला वजन नाही. आणि आपल्या मोबाइलमध्ये आज हजारो फोटो आहेत, ज्यांत कोण आहे, कुठलं आहे, कोणत्या सालचं आहे, हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही. छत्तीस फोटोंच्या रोलच्या काळात अब्बा प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहीत. तेव्हा प्रत्येक फोटोला पैसे पडत होते, म्हणून त्याची कदर होती. आता पैसे पडत नाहीत, म्हणून कदरही नाही.

कुणी म्हणेल, घरच्या फोटोंवर एवढा काथ्याकूट कशाला? कारण प्रश्न घरापुरता राहिलेला नाही. 6 जून 2025 ला केंद्र सरकारने वक्फ मालमत्तांसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं आणि सहा महिन्यांत सगळ्या नोंदी कागदपत्रांसह त्यावर चढवायला सांगितलं. त्या कायद्यावर माझे आक्षेप आहेत, ते वेगळ्या लेखात. पण मुदत संपत आली तेव्हा आपली अवस्था काय होती? मुतवल्ली कागद शोधत फिरत होते. कुणाचा दस्त वकिलाकडे, कुणाचा मरहूम चाचांच्या पेटीत, तर कुणाकडे व्हॉट्सॲपवर आलेला धुरकट फोटो. 1 डिसेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि ज्यांची अडचण आहे त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं. कब्रस्तानची जमीन आपली आहे हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असतं, पण ‘ठाऊक असणं’ स्कॅन करता येत नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज वेळेत दिला की नाही, हे कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावरून ठरायचं होतं. 14 जुलै 2020 च्या त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण प्रत सादर करायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्राबरोबर फाइलचा ‘हॅश’, म्हणजे जणू तिच्या बोटाचा ठसाही मागितला जातो. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या व्हिडिओचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. आता विचार करा, एखाद्या निरपराध पोरावर आळ आला आणि तो त्या वेळी दुकानात होता हे दाखवणारं चित्रण दुकानाच्या सीसीटीव्हीत आहे. त्या यंत्रातली डिस्क भरली की ते जुनं पुसून त्यावर नवं लिहितं. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. घरचे लोक वकील शोधेपर्यंत पोराची गवाही पुसली गेलेली असते. हे ज्ञान मोहल्ल्यात कुणाकडे आहे?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. 17 मार्च 2025 ला नागपुरात दंगल झाली. त्या रात्रीच्या क्लिपा देशभर फिरल्या आणि आजही शोधल्या की सापडतात. त्यांच्या हजारो प्रती हजारो ठिकाणी आहेत, म्हणून त्या टिकतील. मोमिनपुऱ्यातल्या हातमागांचे, मुशायऱ्यांचे, ताजबागच्या उर्समध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या हिंदू-मुसलमानांचे फोटो मात्र कुणाच्या तरी डब्यात, कुणाच्या तरी मेलेल्या कार्डात आहेत. उद्याचा संशोधक आपल्याबद्दल काय वाचेल? जे टिकलं ते. दुसऱ्यांनी आपलं विकृत चित्र रंगवलं अशी तक्रार आपण नेहमी करतो आणि ती खोटी नाही. पण स्वतःचं चित्र आपण कुठे जपून ठेवलं आहे?

मशिदीच्या दारावर चार कॅमेरे लावायला आपल्याकडे चंदा जमतो. जलसा लाइव्ह दाखवायला पैसा मिळतो. त्याच मशिदीतलं निकाहचं रजिस्टर, कब्रस्तानची वही आणि जुने दस्त स्कॅन करायला एक साधं यंत्र घ्या म्हटलं, की ‘पाहू’ असं उत्तर येतं. शिकलेल्यांचंही वागणं वेगळं नाही. मीही त्यांतलाच, म्हणून तर अब्बा त्या कार्डात अडकले.

करायचं काम अवघड नाही. प्रत्येक घराने वर्षातून एकदा, ईदनंतरच्या सुट्टीत, शंभर फोटो निवडावेत. पाच हजार नव्हे, शंभर. त्यांना नाव, गाव आणि साल लिहावं. त्यांतले वीस छापून घ्यावेत. बाकीच्यांची एक प्रत घरी, दुसरी वेगळ्या साधनावर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या बहिणीकडे ठेवावी. पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावं, कारण साधन मरणारच आहे. महत्त्वाचा व्हिडिओ असेल तर मूळ फोन आणि मूळ फाइल सांभाळावी. कमिटीने सीसीटीव्हीचं चित्रण किती दिवस टिकतं हे भिंतीवर लिहून ठेवावं. रजिस्टरं स्कॅन करावीत, त्यांची एक प्रत शहराबाहेर ठेवावी, आणि मूळ रजिस्टर मात्र कधीही फेकू नये.

अब्बांचं कार्ड मी आता डेटा परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे दिलं आहे. तो म्हणाला, वचन देता येणार नाही. आपाने विचारलं, “निघतील ना रे?” मी काय सांगणार? अब्बांनी पुडीवर नाव आणि साल लिहून आपलं काम केलं होतं. पुढचं काम माझं होतं आणि मी ते वीस वर्षं ‘नंतर’वर ढकललं. तुमच्या घरातला असा डबा आजच उघडा.