सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीत कोण बसतं?

१२ नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून उडालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान पुढे गेलेल्या जंबोने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं. भोवरा काही जगावेगळा नव्हता. सहवैमानिकाने मात्र रडरची पेडलं आलटून पालटून जोरात दाबली, शेपटीचा उभा पंख तुटला आणि २६५ माणसं गेली. चौकशीत रडरच्या रचनेबरोबर कंपनीच्या सिम्युलेटर प्रशिक्षणावरही ठपका आला. तिथे या भोवऱ्याचा सराव देताना कंट्रोल्स काही सेकंद मुद्दाम निकामी ठेवले जात. विमान ९० अंशांपलीकडे कलंडलं की मग सावरायचं. असा धडा गिरवलेला माणूस साध्या हिसक्यालाही पाय आपटणारच. आणि हा धडा रचणारे नवखे नव्हते, मुरलेले वैमानिक होते.

लॉगबुकात हजारो तास असले म्हणजे शिकवता येतं, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे.

एप्रिल २०२२ मध्ये विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना ७३७ मॅक्स उडवायला मनाई केली. वेग धोक्याच्या पातळीखाली गेला की हातातला दांडा थरथरवून सावध करणारी यंत्रणा सिम्युलेटरमध्ये एका बाजूला बंदच होती, तरी वर्ग चालू राहिले. ते थांबवायचं मागच्या खुर्चीतल्या एकाही प्रशिक्षकाला सुचलं नाही? फेब्रुवारी २०२३ मध्ये एअरएशिया इंडियाच्या आठ परीक्षकांना प्रत्येकी ३ लाखांचा दंड झाला, कारण वैमानिकांच्या चाचणीत सक्तीचे सराव घेतलेच गेले नव्हते. परीक्षकच कॉपीला बसले म्हणायचे! मार्च २०२५ मध्ये एअर इंडियाने सिम्युलेटर प्रशिक्षणात कसूर केल्याबद्दल एका प्रशिक्षकाला काढलं आणि त्याच्याकडे शिकलेल्या १० वैमानिकांना उड्डाणापासून दूर ठेवलं. हे उघडकीला आलं ते आतल्याच कुणीतरी तोंड उघडलं म्हणून.

इंजिनाला आग लावणं, वारा फिरवणं, सगळं गोठवून पुन्हा सुरुवात करणं, हे सारं मागच्या खुर्चीतल्या प्रशिक्षकाच्या एका बोटावर असतं. त्याला काय येतं, हे मात्र नुसत्या कागदावरून ठरू नये.

म्हणून मागणी सरळ आहे. बाहेरच्या तपासनीसाने न सांगता सिम्युलेटरमध्ये येऊन बसावं आणि वैमानिकाकडे नव्हे, प्रशिक्षकाकडे बघावं. प्रत्येक सत्राची यंत्रातली नोंद जपून ठेवावी, म्हणजे कोणता सराव घेतला आणि कोणता गाळला ते दिसेल. डीजीसीएने दरवर्षी एक आकडा जाहीर करावा: किती प्रशिक्षक नापास झाले?