घातांकांचे नियम : पाठ करण्याआधी मांडून पाहा

सातवी-आठवीच्या वह्या तपासताना एक चूक आम्हा शिक्षकांना दर वर्षी भेटते. २ चा तिसरा घात गुणिले २ चा चौथा घात, याचे उत्तर कुणी '२ चा बारावा घात' लिहितो, कुणी '४ चा सातवा घात'. गंमत म्हणजे यांतल्या बहुतेकांना नियम तोंडपाठ असतात. मग चुकते कुठे?

आमच्या मते, घाईत. तिसरा घात म्हणजे २ × २ × २ आणि चौथा म्हणजे २ × २ × २ × २. दोन्ही शेजारी मांडले की २ सात वेळा आला, हे पहिलीतले मूलही मोजून सांगेल. म्हणून घातांकांची बेरीज करायची. ३ आणि ४ चा गुणाकार करायचा तो तिसऱ्या घाताचा पुन्हा चौथा घात काढताना, कारण तिथे तीन-तीनचे चार गट होतात.

'घातांक शून्य असला तर उत्तर १ कसे?' हा प्रश्नही हमखास येतो. 'नियमच आहे' म्हणून मुलाला गप्प बसवणे सोपे. त्यापेक्षा १६, ८, ४, २ असे उतरत या. दर पायरीला घातांक एकाने कमी होतो, संख्या निम्मी होते. २ नंतर १ येणारच, आणि त्याखाली, घातांक उणे १ असताना, अर्धा.

आपल्या इंदुरात आणखी एक अडचण आहे. घरी आजोबा 'पाया' म्हणतात, हिंदी पुस्तकात 'आधार' असतो, क्लासमध्ये 'बेस'. शब्द तीन, वस्तू एकच. जे मूल आपल्या भाषेत कारण सांगू शकते, ते तिन्ही ठिकाणी अडत नाही.

म्हणून पालकांना विनंती, 'किती मार्क मिळाले?' याआधी 'हे कसे आले, सांग पाहू' असे विचारावे. स्वतःला गणित येत नसले तरी चालेल. विश्वस्तांना विनंती, अभ्यासक्रम संपवण्याच्या धावपळीत या धड्याला दोन तासिका जादा मिळाव्यात. पुढे बहुपदी, चक्रवाढ व्याज, विज्ञानातल्या अवाढव्य संख्या, सारे यावरच उभे आहे.

आणि मुलांनो, परीक्षेत नियम आठवला नाही तर घाबरू नका. लहानशी संख्या घ्या, कच्च्या कामाच्या कोपऱ्यात मांडून पाहा. नियम पुन्हा सापडेल.