हिचकॉकने नाकारलेला चित्रपट आपणही नाकारावा?



हिचकॉकवर लेख आला किंवा व्याख्यान झाले, की ‘सायको’, ‘व्हर्टिगो’ यांवर भरभरून बोलले जाते आणि १९३४ चा ‘वॉल्ट्झेस फ्रॉम व्हिएन्ना’ एका वाक्यात निकालात निघतो. साक्ष खुद्द दिग्दर्शकाची असते. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी बोलताना त्याने हा आपल्या कारकिर्दीचा पडता काळ मानला होता. तरीही हा निकाल मला मान्य नाही.

चित्रपट आहे संगीतकार योहान स्ट्राउस पिता-पुत्रांचा. आपल्याकडे गाणे बहुधा बापाकडून मुलाकडे येते. इथे बापच मुलाची वाट अडवतो. यातला इतिहास कच्चा आहे, हे मान्य. ‘ब्लू डॅन्यूब’ पहिल्यांदा वाजले १८६७ मध्ये आणि थोरले स्ट्राउस १८४९ मध्येच वारले होते; चित्रपटात मात्र मुलाच्या या यशाला ते हजर आहेत. काही विनोदी प्रसंगही उगाच लांबले आहेत.

पण बेकरीचा प्रसंग पाहा. कारागीर एकमेकांकडे पाव फेकतात, यंत्र ठेक्यात चालते आणि त्या लयीतून धाकट्या स्ट्राउसला चाल सुचत जाते. आपण सुराचा जन्म डोळ्यांनी पाहतो. बोलपट तेव्हा नुकता कुठे रुळत होता. त्या काळात आवाज आणि चित्र यांची अशी वीण घालणारा दिग्दर्शक कंटाळून काम उरकत होता, असे कसे म्हणायचे? चित्रपट तयार होत असतानाच एका ब्रिटिश नियतकालिकाशी तो संगीत आणि संकलनाच्या नात्यावर उत्साहाने बोलला होता. मग अठ्ठावीस वर्षांनंतरची नाराजीच तेवढी खरी का धरायची?

१९३४ च्याच अखेरीस हिचकॉकचा ‘द मॅन हू न्यू टू मच’ आला. अल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंद रंगात येत असतो आणि गोळी सुटायची असते ती संगीताच्या ठरलेल्या क्षणी. या प्रसंगाची तालीम मला व्हिएन्नाच्या बेकरीत दिसते.

आपल्या शांतारामबापूंनी १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये वेगळे पार्श्वसंगीत न वापरता रोजच्या जगण्यातल्या आवाजांवर भिस्त ठेवली. त्या प्रयोगाचे कौतुक आपण आजही करतो. त्याच ध्यासाने तीन वर्षे आधी लंडनमध्ये केलेली धडपड मात्र केवळ कर्त्याने झिडकारली म्हणून आपणही झिडकारतो. कलावंताचा स्वतःच्या कृतीवरचा राग हा तिच्यावरचा शेवटचा शब्द नसतो.

अण्णासाहेब गुंजकरांच्या तालमीत नाथराव नेरळकरांसारखा गवई ज्या नांदेडात घडला, तिथल्या रसिकांना लय समजावून सांगावी लागत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ललित व प्रयोगजीवी कला संकुल आणि लातूरचे चित्रपटप्रेमी यांना माझी कळकळीची विनंती आहे: हे दोन्ही १९३४ चे चित्रपट लागोपाठ दाखवा आणि नंतर चर्चा ठेवा. आपल्या मुलांना फक्त शिखरे दाखवली, तर चढण कशी असते हे त्यांना कधीच कळणार नाही.

आपला,
एक वाचक, नांदेड