साध्य आणि इतिकर्तव्यता

मीमांसाशास्त्रांत विधिवाक्यास तीन प्रश्न विचारण्याची रीत आहे: काय साधावयाचें, कशानें साधावयाचें आणि कसें साधावयाचें? पहिल्याचें उत्तर साध्य, दुसऱ्याचें साधन, तिसऱ्याचें इतिकर्तव्यता. कचेऱ्यांचें काम संगणकावर बसविणारे विद्वानही आतां याच वाटेस आले आहेत, हें वाचून आम्हांस मौज वाटली. कागद कोणाकडून कोणाकडे जातो, याचा नकाशा ते पूर्वींपासून काढीतच असत. टोरांटो विद्यापीठांत एरिक यू यांनीं १९९५ सालच्या प्रबंधांत त्याला दुसऱ्या नकाशाची जोड दिली: यांतील प्रत्येकाचा हेतु काय, आणि त्यासाठीं तो कोणावर अवलंबून आहे? पुढें २००८ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें 'झेड १५१' या प्रमाणांत हेतु आणि क्रियाक्रम एकाच भाषेंत आणले.

वाचकांच्या घरापर्यंत पोंचणारें याचें उदाहरण म्हणजे सातबारा. नाशकांतील पुष्कळ कुटुंबांची निफाडकडे, सिन्नरकडे थोडीबहुत जमीन असते. कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे वारसांची नोंद आली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १५० व्या कलमान्वयें तलाठ्यानें (हल्ली त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार नोंदवहींत लिहावा, नक्कल चावडीवर लावावी, संबंधितांस लेखी कळवावें. हरकतीसाठीं १५ दिवस वाट पाहून, वाद नसल्यास मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावी. हें सारें आतां 'ई-फेरफार' प्रणालींतून चालतें.

केवळ क्रियाक्रम पाहणारास या वाटेवर एकच आळशी जागा दिसेल: ते १५ दिवस. काम नुसतें पडून असतें. तेव्हां ते दिवस कमी करा, असें तो सांगेल. हेतूंचा नकाशा शेजारीं ठेवला म्हणजे कळतें कीं, सबंध वाटेंत तेवढीच जागा घरच्या माणसांसाठीं राखलेली आहे. बाकीची सगळी कचेरीची.

परंतु खरी गोम पुढेंच आहे. क्रियाक्रमांत लिहिलेलें असतें, 'नोटीस काढली'. हेतु आहे, 'संबंधितांस कळलें'. हीं दोन वाक्यें एक नव्हेत. (पाठ झालें म्हणजे समजलें, असें मानणारे पंतोजी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.) समजा, तीन भाऊ आणि नागपुरास दिलेली एक बहीण. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें तिला बापाच्या मिळकतींत वांटा दिला. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत ती भावांसारखी जन्मतःच वांटेकरीण झाली. अर्जांत तिचा पत्ता मात्र माहेरचाच घातला. नोटीस निघते, भाऊच ती घेतो, १५ दिवस सरतात, हरकत येत नाहीं, आणि नोंद भावांच्या सोयीची ठरते. क्रियाक्रमाच्या दृष्टीनें एकही पायरी चुकलेली नाहीं! मौनास संमति मानलें गेलें. तें मौन अज्ञानाचें होतें, हें विचारणारें कोणी नव्हतें. बहिणीस कळतें तें जमीन विकावयास निघाल्यावर. नोंद म्हणजे मालकी नव्हे, हें खरें. तथापि १५७ व्या कलमाप्रमाणें उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते, आणि सिद्ध करण्याचा भार येतो बहिणीवर. प्रांतांच्या कचेरींत अपील, नाहींतर दिवाणी दावा. आणि दिवाळीची भाऊबीज कायमची बंद.

दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवणारास प्रत्येक पायरीस विचारावें लागतें कीं, तूं कोणाचा कोणता हेतु साधतेस. आणि प्रत्येक हेतूस, तूं कोणत्या पायरीवर साधला जातोस. जिला उत्तर देतां येत नाहीं ती पायरी काढून टाकावी. ज्या हेतूस उत्तर नाहीं तेथें काम राहून गेलेलें असतें. वरील उदाहरणांत 'संबंधितांस कळलें' याच्याखालीं रिकामी जागा आहे. पोंचेवर सही कोणाची, आणि ती त्याच माणसाची आहे काय, हें पाहणारी पायरी तेथें हवी. ती घातल्यास १५ दिवसांचे कदाचित् २० होतील. आमच्या मतें ते खुशाल व्हावेत.