मोडीत निघालेला इतिहास

नांगराला काही खणकन लागले की आपल्या शिवारात दोनच प्रश्न उठतात. सोने आहे का? नसेल तर मोडीला किलोमागे किती? मग चिंच लावून घासणे आले, पाठोपाठ भंगारवालाही आला. वस्तू किती खोल होती, कशाशेजारी होती, हे कोणी विचारीत नाही.

१९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला झाडाचे मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी भरीव धातूची चार शिल्पे निघाली. वजन साठ किलोंवर. ती वितळली नाहीत, हे आपले भाग्य. पण ती शास्त्रीय उत्खननात, नोंद होत निघाली नाहीत. म्हणून त्यांच्या काळाविषयी पंडितांत वाद झडले.

आपण सीमाभागातले लोक मात्र ताम्रपट दिसला की तो मराठी की कानडी यावरून हातघाईवर येतो. खानापूर तालुक्यातल्या हलशीचे कदंबांचे ताम्रपट तर संस्कृतात आहेत! भाषेचा वाद मागाहून खुशाल घाला. आधी वस्तू घासू नका, जागेवर खूण करा, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. ‘कळवले तर शेत जाईल’ अशी भीती घालणारा बहुधा गिऱ्हाईक शोधणारा दलालच असतो.

धातू बाजारात केव्हाही मिळेल. उकरलेली जागा पुन्हा बोलत नाही.